खेळाडूचा श्वास आणि परक्याचा धूर

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या घरांत तीन-तीन पिढ्या विडी-काडीचा स्पर्श झालेला नाही, अशा घरांतील मंडळींसमोर तंबाखूच्या धुराविषयी बोलणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आजचा विषय ओढणाऱ्याचा नसून न ओढणाऱ्याचा आहे. सायंकाळी शाळा सुटल्यावर मुलगा बॅडमिंटनच्या हॉलवर जातो, सून टेबल टेनिस खेळते, निवृत्त वडील जिमखान्यात बिलियर्ड्सच्या दोन फ्रेम पाहण्यास बसतात. आरोग्यासाठी जाणाऱ्या या माणसांच्या फुप्फुसांत तेथे कोणती हवा जाते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. हॉलची फी विचारली जाते, प्रशिक्षकाचे नाव विचारले जाते, बुटाचा तळ कोणता हवा हेही विचारले जाते. हवेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

सिगारेट ओढणारा जो झुरका घेतो आणि सोडतो, तो धुराचा लहान हिस्सा होय. मोठा हिस्सा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात, बोटांत नुसत्या धुमसत राहिलेल्या टोकातून निघतो. त्या वेळी ज्वलन मंद व अपुरे असते. त्यामुळे हा बाजूचा धूर, वजनास वजन धरले तर, झुरक्याच्या धुरापेक्षा अधिक विषारी ठरतो. त्याला फिल्टर नसतो. त्यातील बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक, म्हणजे नाकातील केसांना न जुमानता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे असतात. जोडीला कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धावणाऱ्या खेळाडूच्या रक्ताला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच ही जागा दुसऱ्याने बळकावलेली असते.

या धुराचा न ओढणाऱ्यावर परिणाम होतो काय, या प्रश्नाचा निकाल जगाने घाईने दिलेला नाही. १९८१ साली जपानचे ताकेशी हिरायामा यांनी आपला प्रदीर्घ अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची नोंद त्यांनी ठेवली होती. ज्यांचे पती अतिधूम्रपान करणारे होते, त्या स्त्रियांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळला. त्यावर मोठे वादंग माजले. तंबाखू कंपन्यांनी आकडेशास्त्राचे दोष काढले. परंतु त्यानंतर देशोदेशींचे अभ्यास त्याच बाजूला झुकत गेले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अनैच्छिक धूम्रपानाला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात बसविलेला प्रबंध प्रसिद्ध झाला. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी व फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले, आणि या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही असा निर्वाळा दिला.

दीर्घ काळाच्या रोगांची गोष्ट बाजूला ठेवू. खेळाडूच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रयोग ओसाकाचा आहे. तेथील संशोधकांनी न ओढणाऱ्या निरोगी तरुणांना केवळ तीस मिनिटे धुराच्या खोलीत बसविले. तेवढ्या अवधीत, वाढत्या गरजेनुसार रक्तप्रवाह वाढविण्याची त्यांच्या हृदयधमन्यांची क्षमता लक्षणीय रीतीने खालावली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तीस मिनिटे म्हणजे बॅडमिंटनचा एक सामना.

आता क्रीडागृहाच्या बंदिस्त हवेकडे वळू. शटलकॉकचे वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम असते आणि त्यात सोळा पिसे असतात. वाऱ्याची किंचित झुळूक आली तरी ते वाट सोडते. म्हणून बॅडमिंटनच्या हॉलमध्ये खिडक्या बंद, पंखे बंद, दारे लोटलेली, हा शिरस्ताच आहे. टेबल टेनिसचा चेंडू तर पावणेतीन ग्रॅमचा. खेळाच्या नियमासाठी हवा स्तब्ध ठेवावी लागते आणि स्तब्ध हवा आत आलेली कोणतीही गोष्ट बाहेर जाऊ देत नाही. हा खेळ काही परका नव्हे. ब्रिटिश लष्करी अधिकारी तो पुण्यात खेळत व ‘पूना’ या नावानेच तो ओळखला जाई. १९५६ साली परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे सांगलीचे सुपुत्र.

‘आमचा हॉल प्रशस्त आहे, एखाद्या सिगारेटने काय होते?’ असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो मोकळ्या मनाने तपासून पाहण्यासारखा आहे आणि त्यासाठी साधे अंकगणित पुरते.

एका सिगारेटमधून सुमारे १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण हवेत येतात असे मानले जाते. दोन बिलियर्ड्स टेबलांची खोली आठ मीटर लांब, सात मीटर रुंद व तीन मीटर उंच धरली तर तिचे घनफळ १६८ घनमीटर भरते. दारे बंद असताना एक सिगारेट जळली व धूर सारखा पसरला, तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ६० मायक्रोग्रॅम कण जमा होतात. भारताच्या हवा-मानकानुसार अशा बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा बरोबर ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. खोलीत आधीची धूळ असतेच. तेव्हा एकाच सिगारेटने, ती हवा साचून आहे तोवर, मर्यादेइतकी भर पडते.

आता बॅडमिंटनचा हॉल पाहू. अठरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, आठ मीटर उंच. घनफळ १,४४० घनमीटर. तीच एक सिगारेट येथे घनमीटरमागे अवघे ७ मायक्रोग्रॅम भर घालील. हॉलचालक येथेच हिशेबाची वही मिटतो. परंतु खर्चाची दुसरी बाजू अद्याप लिहिलेलीच नसते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे सात लिटर हवा घेतो, म्हणजे तासाला ४२० लिटर. जोरात खेळणारा माणूस मिनिटाला साठ लिटर व प्रसंगी त्याहूनही अधिक घेतो. साठ धरले तरी तासाला ३,६०० लिटर. बिलियर्ड्सच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या वृद्धाच्या श्वासातून तासाभरात सुमारे २५ मायक्रोग्रॅम धूर जातो आणि प्रशस्त हॉलमध्ये खेळणाऱ्या मुलाच्या श्वासातूनही तेवढाच, सुमारे २५ मायक्रोग्रॅमच. जागेच्या मोठेपणाने जे वाचविले, ते श्वासाच्या मोठेपणाने खर्ची पडले. शिवाय धाप लागलेला खेळाडू तोंडाने श्वास घेतो. नाकाची गाळणी त्याच्या कामी येत नाही. दम्याच्या मुलाची गोष्ट तर निराळीच. त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात प्रत्यक्षात थोडी हवा फटींतून बदलत राहते, काही कण जमिनीवर व भिंतींवर बसतात, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे. पण बंद खोलीत हवा दोन तासांनी एकदा बदलेल एवढीच फट असेल, तर सिगारेट विझल्यानंतरही निम्मा धूर बाहेर पडण्यास जवळजवळ दीड तास लागतो. पाचच्या तुकडीच्या वेळी ओढलेली सिगारेट सहाच्या तुकडीच्या वाट्याला येते.

येथे कोणी एअर-कंडिशनरचे नाव घेईल. भिंतीवरील नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणीत नाही. एक्झॉस्ट पंख्याची करामत याहून न्यारी आहे. तो हॉलमधील हवा बाहेर फेकतो, तेव्हा आत पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी मुख्य दारातून हवा खेचली जाते. त्या दाराच्या पायरीवर मुलांना न्यायला आलेले दोन-तीन गृहस्थ सिगारेट पेटवून उभे असतील, तर पंखा त्यांचा धूर इमानेइतबारे कोर्टावर आणून पोहोचवितो. दारापासून दूर जाण्याची विनंती म्हणूनच उद्धटपणाची नसते.

हवा खेळवून हा प्रश्न सुटावा म्हणून अमेरिकेत पुष्कळ पैसा व बुद्धी खर्च झाली. जेम्स रिपेस व आल्फ्रेड लॉरी या दोघांनी १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बंद जागांतील तंबाखूच्या धुराची मोजमापे प्रसिद्ध केली. साध्या वायुवीजनाने या धुराला आवर घालता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००५ साली तेथील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने स्वतःची भूमिका जाहीर केली : घरातील धुराचा आरोग्यधोका खऱ्या अर्थाने दूर करण्याचा उपाय एकच, तेथे धूम्रपान होऊ न देणे. ज्यांचा व्यवसायच यंत्राने हवा खेळविण्याचा, त्यांनी ‘आमच्या यंत्राने हे होणार नाही’ असे लिहून द्यावे, ही गोष्ट व्यापारी माणसाला विशेष मोलाची वाटेल. आपल्या मालाविरुद्ध साक्ष सहसा कोणी देत नाही.

बंदीने काय साधते याचेही मोजमाप झालेले आहे. स्कॉटलंडने २६ मार्च २००६ पासून बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई केली. एकेचाळीस पबांतील हवा बंदीपूर्वी व बंदीनंतर दोन महिन्यांनी तपासली गेली. बारीक कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे २४६ मायक्रोग्रॅमवरून २० वर आले. पब म्हणजे क्रीडागृह नव्हे हे खरे, तथापि चार भिंती आणि छप्पर दोन्हीकडे सारखेच.

बिलियर्ड्स व स्नूकरचा उल्लेख वर आला, त्याला कारण आहे. बैठ्या खेळांत धुराशी इतकी दाट मैत्री दुसऱ्या कोणत्याही खेळाची नसेल. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेता होणारे ते पहिले भारतीय ठरले. इतक्या प्रतिष्ठेच्या या खेळाचा ब्रिटनमधील पैसा मात्र १९७६ ते २००५ पर्यंत एका सिगारेटच्या छापाकडून येत असे. जागतिक स्पर्धेच्या नावातच ‘एम्बसी’ हा शब्द होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नामांकित खेळाडू दूरदर्शनच्या पडद्यावर, टेबलाशेजारी बसून सिगारेट ओढताना दिसत. तेथील कायद्याने तंबाखूचे प्रायोजकत्व संपविले, १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधील बंद जागांत धूम्रपानबंदी आली, आणि खेळ काही बुडाला नाही. भारतात १९९६ चा क्रिकेट विश्वचषकही सिगारेटच्याच छापाच्या नावाने खेळला गेला होता, हे जाता जाता आठवावे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथील कायद्यात हजार वा अधिक प्रेक्षक बसतील अशी क्रीडागृहे आधीच धूम्रपानमुक्त होती; गल्लोगल्लीचे बिलियर्ड्स हॉल मात्र सुटलेले. म्हणजे जेथे छप्पर उंच तेथे नियम, आणि जेथे खोली लहान तेथे मोकळीक. ३ डिसेंबर २०१७ पासून बिलियर्ड्स हॉल आणि पडद्यावरील गोल्फच्या खोल्या यांसह बंदिस्त क्रीडासुविधा धूम्रपानमुक्त करण्यात आल्या. नियम मोडणाऱ्यास एक लाख वॉन दंड ठेवण्यात आला. प्रारंभीचे तीन महिने समज देण्यासाठी राखले होते. स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा मात्र त्या कायद्याने ठेवली, हा त्यातील कच्चा दुवा होय. कारण दार उघडले की धूर सीमा पाळीत नाही.

धूर गेल्यावरही त्याची शिल्लक मागे राहते आणि ती कापडात राहते. सुती पडदे, खुर्च्यांचे अस्तर, खेळाडूचा टॉवेल, बिलियर्ड्स टेबलावरचे हिरवे लोकरी कापड हे सारे निकोटीन धरून ठेवतात. धाग्याचा पृष्ठभाग डोळ्याला दिसतो त्याहून कितीतरी अधिक असतो. तो जसा रंग पितो तसा धूरही पितो. २०१० साली अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञांनी दाखविले, की पृष्ठभागावर बसलेले निकोटीन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक द्रव्ये निर्माण करते. जुन्या जिमखान्याच्या पडद्याला येणारा वास ही नुसती आठवण नव्हे. पडदे धुण्यास टाकणे आणि गाद्यांची अस्तरे बदलणे हा म्हणूनच हवेचाच खर्च समजावा.

याच ओघात एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. स्पर्धेच्या उद्घाटनाला बंद हॉलमध्ये उदबत्त्यांचा जुडगा लावण्याची प्रथा आहे. उदबत्तीच्या धुरातही बारीक कण असतात. फुप्फुस त्याचे पावित्र्य ओळखत नाही. दीपप्रज्वलन करावे, उदबत्ती बाहेरच्या ओसरीत लावावी.

कायद्याची बाजू आपल्याकडे दुबळी नाही. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सभागृहे, रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने आदी ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम अमलात आले आणि त्यांनी कामाच्या जागाही सार्वजनिक जागांत आणल्या. ‘मोकळी जागा’ या सवलतीतून स्टेडियमला नियमांनी स्पष्टपणे वगळले. धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा तीस वा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस वा अधिक आसनांचे उपाहारगृह व विमानतळ यांनाच आहे. क्रीडागृहाला ती नाही. क्लब केवळ सभासदांचा आहे ही सबबही लंगडी पडते, कारण प्रवेश हक्काने असो वा नसो, लोकांची ये-जा असलेली जागा कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय तेथे कोणी ना कोणी नोकरीस असतोच.

त्या नोकरदाराचा विचार सर्वांत कमी होतो. बिलियर्ड्सच्या खोलीतील मार्कर सकाळी टेबलावरील आच्छादन काढतो आणि रात्री शेवटचा गडी गेल्यावर ते घालतो. सभासद दोन तास बसतो, मार्कर दहा-बारा तास उभा असतो. सभासदाला खोली सोडून जाता येते, त्याला येत नाही. आणि सभासदाला ‘साहेब, बाहेर ओढा’ असे सांगण्याची त्याची प्राज्ञा नसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात घरात दुसऱ्याच्या धुराला सामोऱ्या जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर उतरलेले दिसते. बंद जागेत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते ३०.२ टक्के, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. घरात बायको-मुलांचा शब्द चालतो. कामाच्या जागी मार्करचा चालत नाही.

म्हणून नियमांनी जबाबदारी मार्करवर न टाकता मालक, व्यवस्थापक वा प्रभारी यांच्यावर टाकलेली आहे. ओढणाऱ्यास दंड दोनशे रुपयांपर्यंत. परंतु तक्रार येऊनही चालकाने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्या पटीचा दंड त्याच्यावर बसतो. आत राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवता येत नाही. राखदाणी ठेवणे म्हणजे निमंत्रण देणे, हे नियम करणाऱ्यांनी नेमके ओळखले. सभागृह वा क्रीडागृह चालविणारी कोणतीही संस्था यातून सुटत नाही, मग ती धर्मादाय असो वा व्यापारी.

फलकाविषयीही नियम निश्चित आहे. प्रवेशद्वाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी व लिफ्टपाशी किमान साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर आकाराचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फलक हवा. येथे धूम्रपान निषिद्ध असून ते करणे गुन्हा आहे, असे त्यावर ठळक लिहिलेले असावे. रंगारी तो अर्ध्या दिवसात करून देतो. तक्रार कोणाकडे करावी, त्या जबाबदार व्यक्तीचे नाव ठळकपणे लावणेही आवश्यक आहे. ते नाव विश्वस्तांनी बैठकीत ठरवून रंगाऱ्याकडे द्यायचे असते.